सेराफिमच्या विहिरीबाबत मी लिहून ठेवते ते

मी, ग्लिकेरिया नेकुलाय ब्रागा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त नर्स, राहणार खालची आळी, पिरिउ-सेक गाव, मोल्दोवा, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोळे अधू झाले, गुडघे गेले, पण डोकं जागेवर आहे; सरपंचांना शंका होती म्हणून परवा त्यांच्या तिन्ही मुलांच्या लशींच्या तारखा मी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मला कोणी भरीस पाडलेलं नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं.

कलम एक. माझं राहतं घर, दोन खोल्या, तळघर आणि अंगणासह. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस माझाच द्राक्षमळा, उत्तरेस नणंद फेवरोनिया हिचं कुंपण, दक्षिणेस विहीर. हे घर आणि मळा विकून जे येईल ते शाळेजवळच्या खोल कूपनलिकेचं पाणी खालच्या आळीत आणण्यासाठी वापरावं. माझी वारस म्हणजे बहिणीची मुलगी रुक्सांदा. ती इटलीत परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करते. तिला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "विकून टाक मावशी. मी परत आले तरी तिथे पिऊ काय?" तिचं संमतिपत्र सोबत जोडलं आहे. बँकेतून शुक्रवारी काढून आणलेली बचत मी आजच सरपंचांच्या हवाली केली, चर खणायला सुरुवात व्हावी म्हणून. तहान काही माझ्या मरणाची वाट पाहत थांबणार नाही.

कलम दोन. मुरंबा करायचं तांब्याचं मोठं पातेलं फेवरोनियाला द्यावं. चाळीस वर्षं ती सांगते आहे की ते तिच्या आईचं आहे आणि मी ढापलं. ते तिच्या आईचंच आहे आणि मी ढापलंच होतं. मात्र आमच्याच आळीतल्या वार्वारा आंद्रियेशबद्दल ती गावभर जे बोलत फिरली, त्याचं मूळ माझ्या दवाखान्याच्या नोंदवहीत होतं (ते पुढच्या कलमात येईल), म्हणून त्या बाबतीत मी तिला दोष देत नाही.

कलम तीन. विहीर. हे कलम लांबेल.

आमचा एकुलता एक मुलगा सेराफिम एकोणीस वर्षांचा असताना अफगाणिस्तानात, सैन्यात मेला. पेटी आली ती बंदच आली. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याने त्याच्या नावाने विहीर खणली. आमच्याकडे गेलेल्याच्या आत्म्यासाठी पाणी देतात; याहून मोठं पुण्य नाही. नेकुलायने दगड स्वतः घडवला, वर क्रूस, खाली मुलाचं नाव. खालच्या आळीत तेव्हा दुसरं पाणी नव्हतं. बायका पहिली बादली ओढताना म्हणत, "सेराफिमला पोचो." माझ्या घराच्या खिडकीतून ते ऐकू येई. त्या एका वाक्यावर मी जगले.

विहिरीच्या वरच्या अंगाला सामूहिक शेतीची खताची शेड होती. एक्क्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याहून पाण्याच्या तपासणीचा कागद आला. गावची नर्स म्हणून तो माझ्याच हाती आला. पाण्यात खतातून झिरपलेलं नायट्रेट मर्यादेच्या सहापट होतं. तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नये, विहिरीवर ताबडतोब पाटी लावावी. मागच्या बाजूला छापलेलं होतं की उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि विष दाट होतं.

दुसऱ्या दिवशी सेराफिमचा स्मरणदिन होता. नेकुलाय विहिरीच्या कठड्याला चुना लावत होता. मला म्हणाला, "बघ गं, कशी उजळली!" मी म्हटलं, पाटी उद्या लावू. कागद लशींच्या पेटीखाली ठेवला. तो उद्या काही उजाडला नाही.

पुढच्या वर्षी वार्वाराला मुलगी झाली, दोम्निका. पहिलटकरीण, दूध तिसऱ्या आठवड्यात आटलं, म्हणून पावडरीचं दूध सुरू केलं. बाळाला जुलाब लागले तेव्हा ती धावत माझ्याकडे आली.

"नर्सबाई, पाणी बाधलं असेल का हो?"

विचारलं होतं तिने. अगदी याच शब्दांत विचारलं होतं. आणि मी सांगितलं, "उकळून दे. चांगलं अर्धा तास खळखळू दे."

चार दिवसांनी बाळाचे ओठ करडे-निळे पडले. नायट्रेटच्या पाण्याने होणाऱ्या त्या आजाराचं नाव मला शिकवलेलं होतं. जिल्ह्याची गाडी येईपर्यंत मूल गेलं. डॉक्टरांनी विचारलं, दूध कशात देत होते? मी म्हटलं, बाटली स्वच्छ नव्हती. नोंदवहीत लिहिलं, "आहारात अस्वच्छता, मातेची हयगय." बाटली स्वच्छ होती. मी ती स्वतः हुंगून पाहिली होती.

त्यानंतर वार्वाराला गावाने घाणेरडी आई ठरवलं. लग्नकार्यात तिच्या हातची भाकरी कोणी उचलत नसे. दुसरं मूल तिने होऊ दिलं नाही. रस्त्यात भेटली की ती मला खाली मान घालून नमस्कार करी, आणि मी तो घेत असे.

विहीर मात्र चालू राहिली. पुढच्या प्रत्येक बाळंतिणीला मी टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणायला लावलं. त्याने दूध उतरतं, अशी थाप मारली. पुन्हा कोणाचं बाळ निळं पडलं नाही. म्हणजे मला माहीत होतं, हे माझं मलाच दरवेळी सिद्ध होत गेलं. नेकुलायचं मन मोडेल ही सबब होती. तो जाऊन सोळा वर्षं झाली. मग सबब काय होती, ते मला लिहिता येत नाही. मला ते वाक्य ऐकायचं होतं, बस.

कलम चार. विहीर बुजवावी. दगडावरून माझ्या मुलाचं नाव काढावं. नव्या नळावर कोणाचंही नाव घालू नये.

कलम पाच. मूळ मसुद्यात इथे असं होतं की हे पत्र माझ्या दफनानंतर, जेवणावळीत वाचून दाखवावं. ते खोडलं आहे. कारण सांगते.

मसुदा घेऊन मी गेल्या मंगळवारी वार्वाराकडे गेले. अंगणात मका सोलत होती. मी उभ्यानेच सगळं वाचलं. तिने हात थांबवले नाहीत. संपल्यावर विचारलं, "उकळल्याने जास्त झालं?"

"हो."

"मी तर तासभर उकळायची. तुम्ही अर्धा म्हणालात, मी तासभर." मग म्हणाली, "माझ्यानंतरच्या सगळ्यांना झऱ्याचं पाणी सांगितलंत. मला वाटायचं, नर्सबाईंना नंतर ते सुचलं."

मी म्हटलं, पहिला नळ तुझ्या दारात बसवायला लिहिते.

"माझ्या दारात नको. लोक म्हणतील पोरीचं मोल घेतलं. चौकात बसवा."

"आणि हे सगळं मी गेल्यावर सर्वांसमोर वाचतील."

तेव्हा तिने कणीस खाली ठेवलं. "गेल्यावर? सत्तावीस वर्षं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. तुमच्या तोंडाकडे कधी बघणार, पेटीला झाकण लावल्यावर?"

म्हणून आज, रविवारी, प्रार्थना संपल्यावर देवळाच्या अंगणात मी हे वर लिहिलेलं सगळं स्वतः वाचलं. फेवरोनिया ओरडली, "म्हातारीचं डोकं फिरलंय, खाली बसवा तिला!" कोणी बसवलं नाही. एकीने विचारलं, "मग आज संध्याकाळी प्यायचं काय?" सरपंच म्हणाले, शाळेवरून घोडागाडीने पिंपं आणू, चर होईपर्यंत रोज. एवढीच कामाची गोष्ट आज झाली, आणि ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी होऊ शकली असती.

वार्वाराचा नवरा तुदोर टोपी हातात घेऊन जवळ आला. मला वाटलं, थुंकेल. म्हणाला, "लाकडं मी फोडायचो. आच चांगली लागावी म्हणून ओकची आणायचो." मग तो पायरीवर बसला. त्याला द्यायला माझ्याकडे काही नाही, म्हणून या मृत्युपत्रात त्याच्या नावाने काही लिहिलेलं नाही.

नोंदवही आणि तो कागद सरपंचांकडे दिला आहे. "मातेची हयगय" हे शब्द मी सर्वांसमोर खोडले आणि वर "नर्सची" असं लिहून सही केली.

हे मृत्युपत्र पूर्ण. याआधी मी कोणतंही केलेलं नाही. पुढे बदलणार नाही.

सही: ग्लिकेरिया ब्रागा

साक्षीदार पहिले: इलारिओन मोकानू, सरपंच.

साक्षीदार दुसऱ्या: वार्वारा आंद्रियेश. मी पेन पुढे केलं ते त्यांनी घेतलं नाही, स्वतःचं काढलं. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे शब्द इथे लिहिते: "ही सही मी पाहिल्याची आणि ऐकल्याची आहे. माफ केल्याची नाही."

पिरिउ-सेक, देवळाचं अंगण. २७ ऑक्टोबर २०१९.