जपानात राहिलेली कुंची

रोल्ला, शारजा
६ मार्च १९९८, शुक्रवार

चि. मधूस तुझ्या ताईचे अनेक उ. आ. वि. वि. तुझं पत्र काल ह्यांनी आणलं. आम्ही बऱ्या आहोत. तू बरी असशीलच, तुला काय झालंय.

इथे घरी पोस्टमन येत नाही गं. पत्रं ह्यांच्या फॅक्टरीच्या पोस्ट बॉक्सवर रास अल खैमाला जातात, तिथून हे गुरुवारी घरी येताना घेऊन येतात. म्हणजे तू जपानला चाललीस हे आधी ह्यांच्या मेसला कळलं, मग मला. हे म्हणाले, अख्ख्या कॉलेजातून तेराच पोरं निवडली, त्यात मधू, साधी गोष्ट नाही. मी म्हटलं, हो ना. आणि भात करपतोय का बघायला गेले. करपत नव्हता.

मधू, मला इथे भीती वाटते. हे शुक्रवारी संध्याकाळी गेले की पुढच्या गुरुवारपर्यंत मी आणि अस्मी, दोघीच. पाच महिन्यांचं पोर. लिफ्ट मध्येच थांबली तर? दवाखान्यात नर्स काय विचारते ते कळलं नाही तर? माझं हिंदी समोरच्या हमीदाभाभींपुरतं, आणि त्या रत्नागिरीच्या, त्यांच्याशी मराठीच बोलते. म्हणजे हिंदी नाहीच.

ह्यांनी कंपनीकडून तुझा व्हिजिट व्हिसा काढलाय. कॉपी सोबत आहे. तीस एप्रिलच्या आत आलं पाहिजे, नाहीतर खलास. तू बावीसला जपानहून येशील, सत्तावीसचं विमान पकड. दमलीस तरी ये. दोन महिने राहा.

बाबांना नमस्कार. माझी आठवण कमी काढलीस तरी चालेल, पण येणं चुकवू नकोस.

तुझी,
वासंतीताई


क्योतो, जपान
१४ एप्रिल १९९८

ती. सौ. ताईस मधूचा सा. न. वि. वि.

ताई, मी जमिनीवर बसून लिहितेय. जिथे उतरलोय तिथे चटईवरच जेवतात आणि चटईवरच झोपतात. आम्ही तेरा जण आणि राजन सर. संडासाच्या चपला वेगळ्या असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच घालून जेवायला आले. वाढणाऱ्या बाई नुसत्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. आमची पोरं मात्र अजून हसताहेत.

सरांचा नियम आहे, आधी चित्र, मग फोटो. त्यामुळे फुलं बघायला आलेली सगळी गर्दी पुढे निघून जाते आणि आम्ही एकाच फांदीपाशी दोन तास. काल एका गावात हातानं कागद केला. पाणी इतकं गार की बोटं माझी वाटेनात. हे पत्र त्याच कागदावर आहे, हात लावून बघ.

आणि ताई, एका देवळामागे दगडी बाळं आहेत, रांगेनं, शंभर तरी. गुडघ्याएवढी. गळ्यात लाल लाळेरी, डोक्यावर लाल टोप्या. एक आजी एका बाळाला लाळेरं बांधत होत्या. मी खुणेनं विचारलं, त्यांनी हातानं एवढंसं पोर दाखवलं. मला वाटलं, आपली सटवाई तशी ही पोरांची देवता. अस्मीसाठी शिवलेली लाल खणाची कुंची पिशवीतच होती, बसमध्ये मणी लावत होते. सगळ्यांत लहान बाळाला ती बांधली आणि अस्मीचं नाव घेतलं. त्याचं चित्र सोबत पाठवते. अस्मीला दुसरी शिवून आणीन. सत्तावीसला येतेच.

भावोजींना नमस्कार, अस्मीला पापा. माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तर डोक्यावर बसेन.

तुझी,
मधू


रोल्ला
२४ एप्रिल १९९८

चि. मधूस,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, पण रीत आहे म्हणून, आ.

तुझं चित्र मेसमध्ये सगळ्यांनी बघितलं, मल्याळी लोकांनीसुद्धा. घरी आणून ह्यांनी ते भिंतीला लावलं, गणपतीच्या फोटोशेजारी. मी तेव्हा पोरीचे लंगोट पिळत होते.

संध्याकाळी हमीदाभाभी आणि त्यांचे मुनीरभाई आले. मुनीरभाई जपानहून जुन्या गाड्या आणतात, वर्षातून चारदा जातात. चित्र बघून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. भाभींनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, ही बाळं गेलेल्या पोरांसाठी असतात. ज्यांची पोरं मेली, पोटातली पडली, त्या आया तिथे लाल कपडा बांधतात.

मधू, माझ्या जिवंत पोरीचं नाव घेऊन तू तिची कुंची तिथे बांधलीस. अस्मीला ताप आलाय. एकशे दोन. हे म्हणतात तसं काही नसतं. ह्यांना काय, हे आज चालले रास अल खैमाला. तू एवढी शिकलेली, तुला आधी कुणाला विचारता आलं नाही? मी सातवी शिकलेली, पण मी विचारलं असतं.

आणि तुझा व्हिसा कंपनीने कॅन्सल केला. ऑफिसचं काहीतरी आहे, मला कळत नाही. सत्तावीसला निघू नकोस, परत पाठवतील. भाभींचा दीर शौकत उद्या मुंबईला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र देते, म्हणजे वेळेत मिळेल.

तुला हिंडायला जग आहे. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

वासंती


मुंबई, होस्टेल
४ मे १९९८

ती. सौ. ताईस सा. न.

शौकतभाईंनी पत्र हातात दिलं. मी तिकीट परत केलं. कंपनीने भावोजींना माझ्यामुळे त्रास दिला का? त्यांना सांग, माझ्यासाठी कुणाच्या विनवण्या करू नका.

राजन सरांना विचारलं. ते म्हणाले, तो देव गेलेल्या पोरांना सांभाळतो हे खरं आणि असलेल्यांनाही सांभाळतो हेही खरं. पण मी न विचारता बांधली. चूक माझी आहे, सरांच्या सांगण्यानं ती कमी होत नाही. अस्मीचा ताप उतरला का एवढं तरी कळव. रोज पत्रांच्या खोक्यात बघते.

ताई, जपानातल्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या आईला फोन केला. फोनपाशी रांग होती. मीही उभी राहिले आणि हमीदाभाभींचा नंबर फिरवला, तुला बोलवायला. लागला नाही. मागचे घाई करत होते, म्हणून सोडून दिलं.

राग असेल तर राग लिही, पण लिही.

मधू


रोल्ला
१५ मे १९९८

चि. मधूस पोटभर आ.

अस्मी बरी आहे. ताप एका दिवसात उतरला. लसीचा होता. मुनीरभाई आले त्याच्या आदल्या दिवशी तिला ट्रिपल टोचून आणलं होतं. मला माहीत होतं, मी तुला लिहिलं नाही.

आणि व्हिसा कंपनीने कॅन्सल केला नाही, मी करायला लावला. तुला पत्र लिहिलं तेव्हा झालाही नव्हता. ह्यांना सांगितलं, बाबा आजारी आहेत, मधूला येता येत नाही, न वापरलेला व्हिसा कंपनीच्या नावावर कशाला ठेवता. हे भोळे. शनिवारी जाऊन केला.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची, मी बारा. तुझ्या वेण्या घालून तुला शाळेत सोडायचे आणि परत येऊन चूल पेटवायचे. तेव्हा वाईट वाटलं नाही गं, खरंच. वाटलं ते आता. हे तुझं चित्र भिंतीला लावत होते आणि सहज मला विचारलं, तुला येतं का काही काढता. मी नाही म्हटलं. येतच नाही तर काय म्हणू. मुनीरभाईंचं ऐकून मी घाबरले, ते खोटं नाही. पण भीती तासाभरात गेली आणि जळणं राहिलं. मग भीतीच्या नावानं मी ते सगळं तुला लिहिलं.

तुझं ते फोनचं पुन्हा पुन्हा वाचलं. काल ह्यांना सगळं सांगितलं. हे ताट संपवून उठले. हात धुऊन आले आणि तुझ्या पासपोर्टचा नंबर मागितला. नवा व्हिसा जूनमध्ये होईल, भाभी म्हणतात तसं, इन्शाल्ला.

यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर बाबांना मी खरं कारण सांगीन, तुझ्यावर येऊ देणार नाही. आलीस तर एवढं ऐक. पहिल्या दिवशी जपानचं काही सांगू नकोस. अस्मीला घे, जेव, झोप. दुसऱ्या दिवशी मी आपणहून विचारीन.

तुझीच,
ताई