पलंगाखालचे डबे

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत म्हणून लिहिते. मी बरी नाही. अक्षराला हसू नकोस, बाळ मांडीवर आहे.

पूल खचल्यापासून मालाच्या गाड्या येत नाहीत. मामंजींनी दुकानातले दुधाच्या भुकटीचे सगळे डबे, तेच, तान्ह्या पोरांचे, आमच्या पलंगाखाली रचलेत. वरून चादर लोंबती सोडली. बाळंतिणीच्या खोलीत तपासायला कोण येतंय, म्हणाले. दुकानात पाटी लावली, माल संपला. भाव चढला की काढणार. मी ह्यांना म्हटलं, अहो, हे बरं नव्हे. तर म्हणाले, मला कळतं, पण बापापुढे बोलायची माझी छाती नाही. निदान खरं बोलले.

बाबा जेवणाआधी बायबलातलं शलमोन राजाचं वचन वाचायचे ना, की धान्य अडवून धरणाऱ्याला लोक शिव्याशाप देतात? तेच सारखं आठवतं. ताई, त्या डब्यांवर माझं बाळ झोपतं. शाप आधी कुणाला लागेल? मला दूध पुरत नाही, म्हणून त्याला वरचं दूध त्याच डब्यातलं. आणि भिंतीपलीकडच्या इस्त्रीवालीच्या अंगावर तर थेंब नाही. तिचं पोर रडतं ते मला ऐकू येतं. काल तिला पदराआडून एक डबा दिला आणि कुणाला सांगू नको म्हटलं. पाप केलं का पुण्य, तूच सांग.

भाओजींना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

अक्षराला हसलेच, मग पुढचं वाचलं आणि हसू पळालं.

अगं, देव काय सावकाराचा गडी आहे, सासऱ्याची वसुली पाळण्यातून करायला? शापाला भिऊ नकोस. त्या पोराच्या भुकेला भी.

आणि वचन तुला अर्धंच आठवलं. बाबांचं वाचून निम्मं झालं की तुझा डोळा ताटाकडे! पुढे म्हटलंय, जो विकतो त्याच्या माथी आशीर्वाद. फुकट वाटतो त्याच्या नाही, विकतो त्याच्या. रास्त भाव घ्यायचा आणि येईल त्याला माल द्यायचा, दुकानदाराचं पुण्य तेवढंच. तुझा पदराआडचा डबा म्हणजे मामंजींच्या मालाची चोरी झाली, आणि बाकीच्या आयांनी काय करायचं? इस्त्रीवालीनं तरी तुझ्या मर्जीवर किती दिवस काढायचे?

हे मी लांब बसून लिहिते, मला लिहायला काय जातंय. जपून वाग. बाळाचे मुके घे. खुशाली कळव, तोवर मला घास गोड लागायचा नाही.

तुझी,
ताई


१६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी इस्त्रीवालीचं पोर दवाखान्यात नेलं. पुन्हा डबा कधी मिळेल ठाऊक नाही, म्हणून ती एकच डबा पुरवून पुरवून वापरत होती. चमचाभर भुकटी आणि पेलाभर पाणी. मी कुणाला सांगू नको म्हटलं होतं ना, मग माझ्याकडेही परत मागायला आली नाही. पोराचा आवाज येईना तेव्हा मला वाटलं, बरं झालं, पोट भरलं वाटतं. ताई, त्याला रडायचं त्राणच नव्हतं.

मामंजी जेवायला बसले तेव्हा मी बाळाला कडेवर घेतलं आणि डबे दुकानात नेऊन मांडायला लागले. एका हातानं पेलेनात, दोन डबे निसटून गडगडत रस्त्यावर गेले. तेवढ्यानं सगळ्या गल्लीला कळलं. छापील भावानं दिले, घरटी एक. एकीनं दोन मागितले, तिला म्हटलं, बाई, तुझ्यामागे उभी आहे तिलाही पोर आहे. मामंजी खरकट्या हातानं धावत आले. वा, सूनबाई मालकीण झाल्या! सगळ्यांसमोर म्हणाले. मी म्हटलं, मामंजी, गल्ल्यावर तुम्हीच बसा, मी नुसते डबे देते. बसले नाहीत. हे दारात घुटमळत होते. मग आत गेले आणि बापाकडे न बघता उरलेले डबे घेऊन आले.

मामंजींनी ह्यांना सांगितलंय, हिला बहिणीकडे सोडून ये. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

काल दवाखान्यात गेले. पोराला नळी लावली आहे. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. वाटलं होतं, इस्त्रीवाली मला बघून तोंड फिरवेल. तिनं सरकून मला बाकावर जागा दिली. मला तेच सोसवेना.

मामंजींना मी सांगितलं, पाठवायचं तर पाठवा, पण ते पोर घरी येईपर्यंत मी हलणार नाही. भीती वाटत होती. अजून वाटते. पण सांगितलं.

तुझ्या घरात जागा लागलीच तर कळवीन. तोवर लोभ धरून राहा.

तुझी,
धाकटी