धोंडूबाईंचे सूप आणि नाकारलेले इंजेक्शन

दिनांक : १७/०२/२०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
नेत्रोपचार मंजुरी कक्ष.

विषय : उजव्या डोळ्याची उरलेली इंजेक्शने नाकारल्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २६/१२/२०२४ चा अर्ज. २) आपले दि. ०३/०२/२०२५ चे नकारपत्र.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती धोंडूबाई देवजी भांगरे, वय ६१, सिद्धगडाच्या पायथ्याशी भात-नाचणी करतात. साखरेच्या आजाराने त्यांचा डावा डोळा गेला. उजव्यात २ डिसेंबरला पहिले इंजेक्शन झाले. दरमहा एक, अशी आणखी पाच हवी आहेत. "दृष्टी उत्तम, गरज नाही" असे लिहून आपण ती बंद केलीत. पत्र वाचून घरात सर्वांचेच डोके फिरले आहे, हे आधीच नमूद करणे बरे.

२. आपले तपासनीस २० जानेवारीला आले तेव्हा अर्जदार ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. बोटाला खडा लागला की काढायचा, हे काम त्या चाळीस वर्षे चुलीपुढच्या अंधारात करत आल्या. त्याला डोळा लागत नाही. साहेबांनी "बारीक खडेही दिसतात" असा शेरा मारला. मग अर्जदारांनी न सांडता चहा ओतला, त्याचीही नोंद झाली. कपाच्या कडेला आत धरलेले बोट पोळले, ते साहेबांना दिसले नाही. चहा मात्र त्यांनी घेतला. अर्जदारांचे म्हणणे एवढेच, "दिसत नाय म्हनून पावन्याला चा पन पाजू नये का?"

३. डॉक्टरांनी समजावले ते असे. रक्तवाहिनीच्या पेशींवर ग्राही, म्हणजे निरोप झेलणारे रेणू, असतात. वाढीचा निरोप आणणारे प्रथिन त्यांवर बसले की नव्या वाहिन्या फुटतात. या आजारात डोळ्याचा पडदा असे निरोप सोडतच राहतो, आणि फुटलेल्या वाहिन्या कच्च्या निघतात, गळतात. इंजेक्शन त्या निरोपाला वाटेतच धरते. महिन्याभरात औषध विरते, ग्राही जागेवरच असतात. आपले नकारपत्र ते वाचत नाहीत.

४. पहिल्या अर्जाखाली अर्जदारांची सही होती. पन्नाशीत साक्षरता वर्गात शिकलेली ही सही, इंजेक्शननंतर कागदावरची ओळ दिसू लागली म्हणून त्यांनी हट्टाने केली. "सही सरळ रेषेत आहे" हे आपले नकाराचे दुसरे कारण. औषध लागू पडले म्हणून औषध बंद! हा कुठला न्याय? डोळा पूर्ण गेल्यावर मंजुरी देणार असाल तर ती कशावर टोचायची, हेही लेखी कळवावे.

५. तरी पुढचे इंजेक्शन या आठवड्यात मंजूर करावे.

सोबत : डॉक्टरांचे पत्र, न निवडलेले तांदूळ, पावशेर (कक्षाने डोळ्यांवर पट्टी बांधून निवडून पाहावेत).

आपली संतापलेली, तरीही नम्र,
धोंडूबाई देवजी भांगरे

(निशाणी : अंगठा. सहीची जागा आता दिसत नाही. सून शीतल हिने हात धरून टेकवला.)