रिकाम्या खोलीचा डेटा

३ नोव्हेंबर
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. चित्रपट ऑनलाइन पाठवण्यापूर्वी त्यांचे आकारमान घटवणे, हे माझे काम. तत्त्व मोठे सुंदर आहे: जे हलत नाही ते पुन्हा साठवायचे नाही, डेटा खर्चायचा तो केवळ हालचालीवर. पहिलाच चित्रपट नॉर्वेजियन मानसथरारपट, जवळजवळ संपूर्ण काळोखातला. आधीच्या तंत्रज्ञाने त्यातला एक प्रसंग इतका दाबला होता, की सावल्यांच्या जागी नुसते करडे चौकोन दिसत. तक्रार आली आणि तो गृहस्थ न सांगता निघून गेला. ताईला फोनवर हे सारे समजावले. ती म्हणाली, अंधारच दाखवायचा तर टीव्ही बंद ठेवलेला काय वाईट? हसू आवरेना.

५ नोव्हेंबर
एक्केचाळिसाव्या मिनिटाला एक रिकामी खोली आहे. खुर्ची, दार, भिंत. दीड मिनिट काहीही हलत नाही. तेथे डेटाचा आलेख तळाशी हवा. तो मात्र शिखर गाठतो. काळोखातले चित्राचे बारीक दाणे यंत्राला हालचाल भासतात, म्हणून ते पुसले. शिखर कायम. साहेब म्हणाले, आधीच्याने तो भाग मुद्दाम बिघडवला होता. चौकोनांत ते अडकून राहते, असे काहीबाही बरळायचा. वर मला मुदतीची आठवण करून दिली.

६ नोव्हेंबर
तो प्रसंग पूर्ण दर्जाने तयार केला. एकही चौकोन नाही! तटस्थ डोळे हवेत म्हणून ताईला पाठवला. तिने घरी मोबाइलवर पाहिला. सुरेख आहे म्हणाली, पण खुर्चीकडे बघवत नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ
माझ्या प्रतीतले शिखर गेले. आलेख सपाट. खोली आता खरोखरच रिकामी आहे. मग ते —

दुपार
ताईचा व्हिडिओ कॉल. डोके दुखते म्हणून पडदे ओढून पडली आहे. ती हलत नाही. काहीच हलत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातला डेटाचा आकडा चढतो आहे. नेटवर्क असेल.
दिवा लाव म्हटले. उठायचे जिवावर आलेय म्हणाली. तूच येऊन लाव की, राजे.
आकडा दुप्पट.
कॉलचा दर्जा तळाला आणला. चौकोन आले. आकडा थांबला — थांबला!
ताईही थांबली. अर्ध्या शब्दावर. चेहऱ्याचे करडे चौकोन. हाक ऐकू जात नाही. तिच्या घरचा दुसरा फोन नुसता वाजतो आहे.
दर्जा वाढवला तर ताई सुटेल. आणि तिच्या उशामागचे ते —
चौकोनांतून तिचा एक डोळा माझ्याकडे. वाढवतो. ताई, मी वाढव