मेंढ्यांच्या आधी घोंगडी

प्रिय मामा,

मामा म्हणायचा हक्क मला अजून कोणी दिलेला नाही. तुम्ही असता तर "कोन मामा बे?" म्हणून काठीच उगारली असती. पण आज तुमच्या माळावर जाऊन आलो, न् जे पाहिलं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू? घरी सांगितलं तर बाबा म्हणतील, कॉलेज सोडून आता गवत पाहत फिरतो.

मी मेडशीचा अमोल. वाशिमला तुमच्या लेकीच्या, कोमलच्या वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी सरांशी भांडलो न् कॉलेज सोडलं. मला कोमलला मात्र सोडता आलं नाही.

खरं सांगतो, आज मी तिला पळवून न्यायला आलो होतो. आम्ही जयभीमवाले, तुम्ही धनगर. तुमचा मुलगा गजानन कधी हो म्हणणार? "बॅग भरून ठेव," असा काल मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "सकाळी माळावर ये."

लहानपणी इथं बोरं वेचायला आलो होतो. तेव्हा नुसता मुरूम होता, वाळूसारखा पायाखालून घसरणारा. शेळीला तोंड लावायला काडी नव्हती. आता पायथ्याशी 'गवताळ उद्यान' अशी पाटी आहे. काळ्या दगडाचे खांब कोणी हातानं रचल्यासारखे उभे आहेत. पाटीवर लिहिलंय, हा ज्वालामुखीचा थिजलेला रस. वर चढलो न् थांबलोच. मामा, कमरेइतकं गवत! सोनेरी, मधेच तांबूस, पार कड्यापर्यंत. वारा आला की अख्खा माळ कूस बदलायचा. पायाजवळून तितर फडफडत उठला. हे तुम्ही केलं? कधी केलं? आम्ही खाली रस्त्यावर गाड्या उडवत होतो तेव्हा?

कोमल गवतावरून तुमची घोंगडी ओढत होती. बॅग नाही, काही नाही.

"चाल," मी म्हटलं.

"बोलू नको. दुसरं टोक धर."

धरलं. घोंगडीभर कुसळं चिकटली. "मेंढ्या वर आणायच्या आधी हे पाहा लागते," ती म्हणाली. "कुसळ चिकटलं म्हंजे बी अजून गवतावरच हाय. मेंढीच्या कातड्यात घुसते ते."

मग ती कुसळं आम्ही उघड्या मुरमावर नेऊन झटकली. "बाबा असंच करे. दर साली जमिनीचा एक तुकडा."

मी मागं वळून पाहिलं. एवढा मोठा माळ, न् तो एका घोंगडीतून झडला होता.

तेवढ्यात गजानन खालून आला. "कोन व्हय बे तू? बाबाच्या घोंगडीले हात कायले लावला?"

माझं डोकं तापलं. उत्तर जिभेवर होतं. कोमल माझ्याकडे पाहत नव्हती, मुरमाकडे पाहत होती. मी टोक तसंच धरून ठेवलं. गजाननने घोंगडीवरून तळहात फिरवला. "अजून चार रोज मेंढ्या खालीच," तो म्हणाला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट काढ. गेल्या साली झटकलेल्या बियांचे कोंभ मोडून राह्यला तू."

"काढतो, भाऊ."

"अन् ते टोक सोडू नको."

दुपारपर्यंत ओढली, मामा. तळपायात कुसळं मोडली.

एक तक्रार आहे. मागच्या वर्षी मी पायथ्याशी कोमलसाठी शीळ घातली म्हणून तुम्ही मला हाकललं. हाकलण्याऐवजी एकदा वर का नाही नेलं? या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, न् आता मी विचारू कोणाला?

निघताना कोमल म्हणाली, "मी तुह्या संगं पळाली, त हे घोंगडी कोन झटकीन?"

"मंग मी काय करू?"

"भाऊले माग. समोर बसून."

तर शब्द देतो. मेंढ्या माळावर चढतील त्या दिवशी आईबाबांना घेऊन तुमच्या दारी येईन, दिवसाउजेडी. गजानन नाही म्हणाला तर मला राग येईल, तो काही माझ्या हातात नाही. पण मी गाडीला किक मारणार नाही. चहा पिऊन उठेन, न् पुढच्या साली परत विचारायला येईन.

तुमचा,
अमोल