नाखव्याकडे बघणारे

ता. ४ मार्च १९३६, जहाजावर
आफ्रिकेचा किनारा दिवसभर धुळीत. गुलाम पळवून नेणारी गलबतं अडवणं हे आमच्या जहाजाचं काम. आज एक अडवलं. माल कातडी अन् जोंधळा, माणसं 'सगळे माझे खलाशी', असं नाखवा म्हणाला. मी दुभाष्या. एकेकाला विचारलं, खुशीनं आलास? दोघांनी उत्तराआधी नाखव्याकडे बघितलं. बस्स. साहेबाला म्हटलं, हे दोघं गुलाम. उतरवून घेतले. साहेबानं पाठ थोपटली. थोपटणारच, माझी नजर चुकत नाही.

ता. १२ मे, किन्हवली
रजा. आटगाव स्टेशनावर उतरलो. बुधा बैलगाडी घेऊन आलेला. हा आमचा लग्नगडी. त्याच्या लग्नाचा खर्च माझ्या वडिलांनी, आबांनी केला; तो फेडायला तेव्हापासून तो अन् त्याची बायको ठकी दोघं आमच्याकडेच राबतात.
संध्याकाळी ओटीवर नाखव्याची गोष्ट रंगवून सांगितली. आबांची छाती फुगली. बुधा खांबाशी उभा राहून ऐकत होता.

ता. १५ मे
ठकीच्या भावाचं लग्न, मुरबाडला. आबा नाही म्हणाले, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे राहिलेत. मी हसत बुधाला म्हटलं, जा की दोघं, खुशीनंच राहता ना आमच्याकडे?
त्यानं आधी आबांकडे बघितलं. मग म्हणाला, "हां दादा, खुशीनंच."
सुपारी गोड लागेना.

ता. १६ मे
आबांशी बोललो. "त्याचं लगीन कोनी केलं? मी. उद्या पोर झालं तर त्याचंबी मीच करीन." उपकार केल्यासारखं सांगत होते. लाज वाटली, रागही आला. तिथं साहेबाचा हुकूम पाठीशी असतो. इथं हुकूम देणारे आबाच.
तरी ठरवलंय.

ता. १८ मे, मुरबाड
सकाळी मीच गाडी जुंपली. म्हटलं, बसा. बुधा विचारतो, "आबांना इचारलाव?" तो चढेना. ठकी बोचकं घेऊन चढली. तेवढ्यात आबा ओटीवर आले. तिनं तिकडे मान वळवली नाही. म्हणाली, "हाका ना दादा."
बुधा वेशीपर्यंत गाडीमागे चालला, मग थांबला.
तिला माहेरी पोचवलं. परत कधी न्यायला येऊ, हे मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. बुधालाही इथं आणणार, आणणारच.
उद्या घरी. आबा विचारतील, कोणाच्या परवानगीनं? मला कुणाकडे न बघता उत्तर द्यायचंय.