रोज चौऱ्याण्णव

३ तारीख, सोमवार

१. ऑफिसचं इंटरनेट ३०० एमबीपीएसचं. करारात तसं लिहिलंय.
२. मिळतं ९४.
३. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वायरिंग नवीन मुलीनं केलंय ना?"
४. नवीन मुलगी म्हणजे मी.

चोवीस टेबलांपर्यंतच्या सगळ्या वायरी मी स्वतः ओढल्यात. मला कायम करायचं की नाही, ते महिनाअखेरीला ठरेल. तोवर हे ९४ माझ्याच नावावर.

४, मंगळवार

पद्धत ठरवली. बाकी सगळं बंद. इंटरनेट कंपनीच्या डब्यातून निघणारी वायर थेट माझ्या लॅपटॉपला. सकाळी साडेनऊ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. दर वेळी तीन चाचण्या.

हिशेबाच्या ताई कुरकुरल्या – "अगं, दहा मिनिटं नेट गेलं तरी इथं लोकांचा जीव वरखाली होतो. तुझ्या तक्त्यापायी आमचा बळी का?"

दहा नाही, सहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

८, शनिवार

पंचेचाळीस चाचण्या. सगळ्यात कमी ९३.८, सगळ्यात जास्त ९४.२. इतका स्वच्छ तक्ता मी कॉलेजातही केला नव्हता.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे एकटीनं केलंस?" माझा मसुदा एक शब्दही न बदलता कंपनीला गेला – तक्रार म्हणून.

घरी चालत आले. उगाच. बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या शेंडेफळानं कंपनीला पाणी पाजलं तर!" मी हसले नाही. खोलीत गेल्यावर हसले.

११, मंगळवार

कंपनीचा लाइनमन आला. त्यानं स्वतःचं यंत्र स्वतःच्या वायरीनं डब्याला जोडलं – ३०२.

"तुमचं यंत्र तुमचीच बाजू घेणार," मी म्हटलं. ऑफिस हसलं. तो नाही. तक्ता बराच वेळ वाचत राहिला.

"ताई, काम झकास आहे. पण पाच दिवस आकडा हललाच नाही? बाहेरची लाइन इतकी शहाण्यासारखी वागत नाही हो."

मी म्हटलं, तक्रार मागे घेणार नाही.

जाताना जिन्यात फोनवर कुणाला तरी सांगत होता – "माझ्या नावावर तिसरी तक्रार आहे. आता कामावरून काढतील."

१२, बुधवार

सकाळी आठला, कुणी यायच्या आत ऑफिसात.

वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. एक जरी तुटली तरी ती वायर शंभराच्या वर जात नाही, आणि हाती पडतात ९४. सकाळ-संध्याकाळ तेवढेच. हे मी परीक्षेत लिहिलंय. पूर्ण गुण मिळाले होते.

डब्यातून निघणारी ती हातभर वायर मीच बनवलेली. पंचेचाळीसही चाचण्या तिच्यावरूनच केल्या. ती तपासलीच नाही – माझी, म्हणून खात्रीची.

टोक कापलं. नवीन बसवलं. २९८.

कुणी पाहिलं नव्हतं. टोक खिशात टाकलं असतं तर संपलं होतं.

१३, गुरुवार

कंपनीला पाठवलं. प्रत साहेबांना.

"आमच्या तक्रारीतला दोष आपल्या लाइनचा नव्हता, मी बनवलेल्या वायरीचा होता. तक्ता माझा, चूकही माझी. लाइनमनच्या नावावरची तक्रार रद्द करावी, आणि ती रद्द झाल्याचं मंगळवार, १८ तारखेपर्यंत लेखी कळवावं."